चित्रासमोर बसलेली बाई



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य, सहकार, दुष्काळ, संगीत नाटक असे भरभक्कम विषय झाले. यंदा मी विषय कळवला तेव्हा संयोजक जरा अडखळले. पत्रिकेवर ‘यंत्रनिर्मित कला आणि समाज’ असं सोज्ज्वळ काहीतरी छापून ते मोकळे झाले. विषय त्याहून नेमका आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काढून घेतलेली कामुक चित्रं, ती काढण्यासाठी इंटरनेटवर एकत्र आलेली माणसं, आणि असा समूह उभारताना पायात नेमकं काय घातलं गेलं, याबद्दल मी बोलणार आहे. मागच्या रांगेत कोणी आजोबा नातवाला घेऊन आले असतील तर त्यांनी घाबरू नये. वर्णनं करायला मी आलेलो नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते व्यवसायानं मुद्रक होते, म्हणून सुरुवात एका खटल्यापासून करतो. १९६२ साली ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. ती अश्लील आहे अशी तक्रार झाली. आरोपी तीन होते : अंकाचा मुद्रक-प्रकाशक, कथेचा लेखक आणि अंक विकणारा. खालच्या कोर्टानं तिघांनाही सोडलं. उच्च न्यायालयानं लेखक आणि मुद्रक-प्रकाशक यांना दोषी धरलं आणि लेखकाला पंचवीस रुपये दंड ठोठावला. पंचवीस रुपयांसाठी काकोडकर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ साली निर्दोष सुटले. रक्कम पाहून हसू येतं, पण तो माणूस पैशासाठी लढत नव्हता.

या खटल्यात एक प्रश्न कोणीही विचारला नाही. फिर्यादीनं नाही, बचावानं नाही, न्यायाधीशांनीही नाही. श्यामाची या सगळ्याला संमती होती का? प्रश्न हास्यास्पद वाटतो, कारण श्यामा नावाची बाई कुठे नव्हतीच. ती काकोडकरांच्या लेखणीतून उतरली होती. अश्लीलतेविरुद्धच्या खटल्यांमध्ये आपल्याकडच्या लेखक-चित्रकारांनी जो बचाव केला तो सगळा या गृहीतकावर उभा आहे की कागदावरची बाई म्हणजे कोणी नव्हे. तिला इजा होत नाही. इजा झालीच तर वाचकाच्या मनाला, आणि वाचक सज्ञान आहे, तो आपलं बघून घेईल. मला हा बचाव आजही मान्य आहे. फक्त तो जसाच्या तसा उचलून यंत्राच्या चित्रांना चिकटवता येत नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे, आणि ते सांगायला थोडा लांबचा रस्ता घ्यावा लागेल.

ऑगस्ट २०२२ मध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’ हे चित्र काढणारं मॉडेल जगाला खुलं झालं. शब्द लिहायचे, चित्र मिळायचं. अशी यंत्रं आधीही होती, पण त्यांतली बहुतेक कंपन्यांच्या कुलपात होती. हे मात्र कोणालाही उतरवून घेऊन घरच्या संगणकावर चालवता येत होतं. नग्नता ओळखून चित्राच्या जागी काळा चौकोन दाखवणारी एक चाळणी त्यात होती. प्रोग्रॅममधल्या काही ओळी खोडल्या की ती गळून पडायची. ज्यांना खोडता येत होत्या त्यांनी त्या ताबडतोब खोडल्या. ज्यांना येत नव्हत्या ते शिकायला एकत्र आले. ‘अनस्टेबल डिफ्यूजन’ हा समूह असा जन्मला, आधी रेडिटवर आणि मग डिस्कॉर्डवर.

लोक एकत्र का आले? चित्रं बघायला, असं उत्तर पटकन येतं. पण कामुक चित्रांची इंटरनेटवर कधीच टंचाई नव्हती. टंचाई होती ती जाणकारीची. कोणत्या शब्दांनी हात नीट येतो, कोणत्या शब्दांनी प्रकाश मऊ पडतो, कोणतं मॉडेल कशात कच्चं, भारी ग्राफिक्स कार्ड नसेल तर काय करायचं. समूहानं आपल्या दालनात बॉट बसवला. शब्द टाका, चित्र सगळ्यांसमोर उमटेल, शेजारचा तुमचे शब्द उचलून त्यात दोन घालेल. तालीम, कारखाना आणि कट्टा असं तिन्ही एका जागी. यात खरा आनंद होता हे नाकारण्यात अर्थ नाही. संकोचामुळे ज्यांनी आयुष्यात पेन्सिल हातात धरली नव्हती अशी माणसं, नेहमीच्या बाजारात जिला जागा नाही अशा आवडीची माणसं, तिथे पहिल्यांदा काहीतरी घडवत होती.

त्यांच्याआधी दुसऱ्या एका समूहानं केलेलं काम मात्र फार कमी लोकांच्या लक्षात आहे. ‘डॅनबूरू’ हा जपानी शैलीतल्या चित्रांचा संग्रह २००५ पासून चालू आहे. त्यात हौशी लोकांनी वर्षानुवर्षं एकेका चित्राला खुणेचे शब्द जोडले. केसांचा रंग, बसण्याची ढब, वस्त्र, नजर कुठे आहे, किती माणसं आहेत. कोणी पगार दिला नाही. ‘नॉव्हेलएआय’ कंपनीनं ऑक्टोबर २०२२ मध्ये आपलं चित्रांचं मॉडेल आणलं ते याच खुणांवर शिकवलेलं होतं. काही दिवसांतच ते चोरीला जाऊन फुटलं आणि पुढच्या कितीतरी मॉडेलांच्या रक्तात मिसळलं. म्हणजे हौशी लोकांनी फुकट केलेली वर्गवारी कंपनीनं वापरली, कंपनीचं मॉडेल चोरांनी पळवलं, आणि चोरांकडून ते पुन्हा हौशी लोकांकडे आलं. मधल्या मधे मूळ चित्रकार कुठे गेले? त्यांच्या चित्रांवर खुणा होत्या, त्यांच्या परवानगीची खूण कुठेच नव्हती. आपण खुणा लावतो आहोत त्या उद्या यंत्राचा अभ्यासक्रम होणार आहेत, हे खुणा लावणाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये स्टेबल डिफ्यूजनची दुसरी आवृत्ती आली. ती काढणाऱ्या कंपनीनं या वेळी चाळणी शेवटी न ठेवता मुळाशी नेली आणि शिकवण्याच्या साहित्यातूनच नग्न चित्रं गाळली. समूहात संताप उसळला. अनस्टेबल डिफ्यूजननं ठरवलं की मग आपलं मॉडेल आपणच शिकवू, आणि डिसेंबरमध्ये लोकांकडून वर्गणी जमवून देणाऱ्या ‘किकस्टार्टर’वर पंचवीस हजार डॉलर मागितले. छप्पन हजारांहून अधिक जमले. त्यानंतर २१ डिसेंबरला किकस्टार्टरनं मोहीम थांबवली. अशा मोहिमेचे पैसे शेवटी वळते होतात, त्यामुळे जमलेली रक्कम समूहाच्या हाती आलीच नाही. त्यांनी मग थेट देणग्या मागायला सुरुवात केली.

इथे समूहाचा एक युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो. ते म्हणत होते की नग्न देह न दाखवता शिकवलेलं यंत्र कपडे घातलेला देहही नीट काढू शकणार नाही. जून २०२४ मध्ये स्टेबल डिफ्यूजनची तिसरी आवृत्ती आली, आणि गवतावर पहुडलेली मुलगी काढायला सांगितली की मांड्यांतून हात आणि मानेतून पाय निघत होते. साधं, सोवळं चित्र, तरी भयानक. अनेकांनी निष्कर्ष काढला की देह लपवल्याचं हे फळ. एकमेव कारण तेच होतं असं मी म्हणणार नाही, पण कोणत्याही कलाशाळेतला मास्तर हे ऐकून मान डोलावेल. सांगाडा, स्नायू, तोल शिकायला नग्न माणूस समोर बसवावा लागतो.

समोर बसवावा लागतो. मुद्दा तिथेच आहे. रवी जाधवांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मुलाच्या शिक्षणासाठी जे. जे. कलामहाविद्यालयात नग्न मॉडेल म्हणून बसणारी यमुना ही त्याची नायिका. २०१७ साली गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात परीक्षकांनी निवडलेला हा चित्रपट माहिती-प्रसारण मंत्रालयानं वगळला, परीक्षकांच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, आणि पुढच्या वर्षी चित्रपट थिएटरांत आला. सरकार नेहमीप्रमाणे देहाकडे पाहून बिचकलं. आपण मात्र वर्गाकडे पाहू. तिथे एक बाई बसलेली आहे. तिला मोबदला मिळतो. किती वेळ बसायचं हे ठरलेलं असतं. तिची गोष्ट वर्गाबाहेर जाऊ नये याची काळजी घ्यायची असते. आणि ती उठून गेली तर चित्र थांबतं. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं आहे. नग्नचित्राच्या परंपरेत शोषण नव्हतं असं मी म्हणत नाही, पुष्कळ होतं. पण उठून जाण्याची शक्यता तरी त्या खोलीत हजर होती.

यंत्राच्या वर्गात कोण बसलं होतं? स्टेबल डिफ्यूजनच्या मुळाशी ‘लायन’ या जर्मन संस्थेच्या याद्या आहेत. त्यांतली मोठी यादी ५८५ कोटी चित्रांच्या पत्त्यांची, इंटरनेटवरून यंत्रानं वेचलेली. एवढं कोणा माणसानं पाहून वेचलेलं असणं शक्यच नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ती तपासली तेव्हा तिच्यात मुलांच्या लैंगिक शोषणाची हजारावर चित्रं असल्याची खात्री पटली. यादी मागे घेतली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये सुधारून पुन्हा आली, दोन हजारांहून अधिक पत्ते काढून. पण त्या आधीच्या याद्यांवर शिकलेली मॉडेलं तोवर लाखो संगणकांवर पोचली होती. पुस्तक मागे घेता येतं, शिकवलेलं मागे घेता येत नाही. यंत्राच्या वर्गात बसलेल्यांपैकी कोणालाही, मग ती कोणी लग्नाचा अल्बम टाकणारी बाई असो की पोटासाठी कॅमेऱ्यासमोर नग्न होणारी, उठून जाण्याची सोय नव्हती. आपण बसलो आहोत हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

आता समूहांच्या दुसऱ्या पिढीकडे येतो, म्हणजे ‘सिव्हिटाय’कडे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं हे संकेतस्थळ अशा मॉडेलांचं मोठं कोठार बनलं. तोवर ‘लोरा’ नावाचं तंत्र रुळलं होतं. मोठ्या मॉडेलला हात न लावता त्याला एखाद्या गोष्टीचं छोटं जादा शिक्षण द्यायचं. एखादी चित्रशैली, एखादी पैठणी, एखादा चेहरा. पंधरा-वीस फोटो पुरतात. नवी मुंबईतल्या एखाद्या मुलीनं गॅदरिंगचे तेवढे फोटो स्वतःच जगासमोर ठेवलेले असतात.

सिव्हिटायचा नियम बघण्यासारखा होता. खऱ्या व्यक्तीची कामुक चित्रं इथे ठेवायची नाहीत. पण खऱ्या व्यक्तीच्या चेहऱ्याचं मॉडेल ठेवायला हरकत नाही. आणि कामुक चित्रं काढणारं मॉडेल ठेवायलाही हरकत नाही. एका फळीवर चेहरे, दुसऱ्या फळीवर देह, आणि दोन्ही घरी नेऊन जोडणाऱ्या गिऱ्हाइकाशी दुकानदाराचा संबंध नाही. पुढे तिथे बक्षिसांची सोय आली. मला अमुक गोष्टीचं मॉडेल हवं आहे, बनवणाऱ्याला एवढं आभासी चलन देईन. २०२३ च्या नोव्हेंबरात ‘४०४ मीडिया’च्या पत्रकारांनी दाखवलं की ही मागणी खऱ्या माणसांच्या चेहऱ्यांसाठीही होत होती, नट्या, प्रभावक आणि ज्यांना कोणी ओळखत नाही अशा साध्या बायकांसाठीही. त्याच महिन्यात एका बड्या गुंतवणूक संस्थेनं सिव्हिटायमध्ये पन्नास लाखांहून अधिक डॉलर घातल्याची बातमी आली होती.

हे कोणा राक्षसाच्या डोक्यातून निघालं असं मला वाटत नाही. समूह वाढवायचा असतो, नियम सैल ठेवले की माणसं येतात, माणसं आली की पैसा येतो, आणि तक्रार करणारी बाई समूहाची सदस्य नसते. तिचं मत नोंदवायला जागाच नसते. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे. या समूहांनी लोकशाही फार बोलून दाखवली. मतदान, पसंतीचे अंगठे, स्वयंसेवक नियामक, खुलं सगळं. पण ज्यांचा चेहरा वापरला जातो त्या दाराबाहेर.

मग नियम बदलले कोणी? २०२५ च्या मे महिन्यात सिव्हिटायचे कार्डाचे व्यवहार हाताळणाऱ्यांनी काम थांबवलं. त्याच महिन्यात अमेरिकेत ‘टेक इट डाउन’ कायद्यावर सही झाली. संमतीशिवाय प्रसारित झालेली खासगी चित्रं, यंत्रानं बनवलेली धरून, तक्रारीनंतर ४८ तासांत काढणं त्यानं बंधनकारक केलं. महिना संपायच्या आत सिव्हिटायनं खऱ्या व्यक्तींच्या चेहऱ्यांची मॉडेलं सरसकट बंद केली. बायका आणि पत्रकार इतके दिवस जे ओरडून सांगत होते ते कार्डाच्या यंत्रणेनं काही आठवड्यांत करून घेतलं. याआधी डिसेंबर २०२० मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डनं हात काढून घेतल्यावर ‘पॉर्नहब’नं पडताळणी न झालेल्या लाखो चित्रफिती अशाच एका फटक्यात उतरवल्या होत्या.

काही मित्र यावर टाळ्या वाजवतात. मी वाजवत नाही. कार्डवाल्यांना संमतीशी घेणं नाही, त्यांना जोखमीशी घेणं आहे. त्यांच्या यादीत आज चोरलेले चेहरे येतात, उद्या दोन पुरुषांचं प्रेम येईल, परवा न्हाणीघरातलं एखादं निरागस चित्र. त्यांच्यापुढे अपील नाही, निकालपत्र नाही, काकोडकरांना जी शेवटची पायरी मिळाली ती नाही. पण सेन्सॉरशिप सावकारांच्या हाती गेली याचा दोष समूहांनी फक्त सावकारांना देऊ नये. आपल्या घराला दार लावायचं काम त्यांनी स्वतः केलं नाही.

आपल्याकडच्या कायद्याबद्दल थोडक्यात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अवीक सरकार खटल्यात अश्लीलतेची जुनी ब्रिटिश कसोटी बाजूला ठेवली आणि समकालीन समाजाचे मापदंड आणले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं चित्रकार सूझा आणि अकबर पदमसी यांची कस्टमनं अडवून ठेवलेली नग्नचित्रं सोडवली. हे चांगलं झालं. माहिती तंत्रज्ञान कायदा मात्र कडक आहे. लैंगिक क्रियेची उघड चित्रं प्रसारित केली तर ६७अ कलमाखाली पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कला, साहित्य, विज्ञानासाठी सूट आहे, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते. मुलांबाबत ६७ब मध्ये काल्पनिक चित्र म्हणून निसटायला वाट नाही, आणि नसावीच. २०२१ च्या नियमांनी कोणाचं नग्न किंवा यंत्रानं घडवलेलं तोतया चित्र त्या व्यक्तीच्या तक्रारीनंतर चोवीस तासांत उतरवणं बंधनकारक केलं. म्हणजे चेहरा चोरला गेलेल्या बाईला कागदावर तरी अधिकार आहे. तिच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात तो कागद कोणी वाचलेला असतो का, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

अशा वादात र. धों. कर्व्यांचं नाव घ्यायचा मोह होतो. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकानं १९२७ पासून १९५३ पर्यंत जे सोसलं ते मोठं आहे, १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर कोर्टात उभे राहिले, आणि तरी खटला हरले. नग्नता अश्लील नसते असं कर्वे म्हणत, आणि अंकाच्या मुखपृष्ठावर नग्नचित्रं छापत. पण अंकावर त्यांचं नाव होतं, पत्ता होता, आणि समन्स त्यांच्याच दारात येत असे. शेजारणीचा चेहरा कापून परक्या देहावर चिकटवणाऱ्या निनावी माणसानं कर्व्यांच्या सावलीत उभं राहू नये. रूढीविरुद्धचं धाडस आणि दुर्बळाविरुद्धची मस्ती यांत त्यांनी कधीच गल्लत केली नसती असं मला वाटतं.

शृंगाराला आपल्या भूमीत परका कोणी म्हणू शकणार नाही. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतातली, गावकुसातल्या प्रेमाची, चोरट्या भेटींची, रानातल्या संकेतस्थळांची. तीही समूहाची निर्मिती आहे, अनेक कवी आणि कवयित्री तिच्यात आहेत. पण कोटी गाथांतून सातशे निवडल्या असं तो संग्रहच सांगतो. आकड्यात अतिशयोक्ती असेल, हेतूत नाही. आजच्या चित्रसमूहांत रोज ढीग पडतो आणि निवड अंगठ्यांवर सोडलेली असते. अंगठे कोणत्या चित्रांना पडतात? एकाच साच्यातली छाती, एकच वय, एकच नजर. जगातली सगळी चित्रं गिळलेल्या यंत्रानं इतकी सारखी चित्रं द्यावीत, हा दोष यंत्राचा कमी आणि मागणाऱ्यांचा जास्त आहे. सौंदर्याच्या अंगानं माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, आणि तिच्यासाठी कोणत्याही पोलिसाची गरज नाही.

तरीही असा समूह कोणी उभारू नये असं मी म्हणत नाही. या सभागृहात तंत्रज्ञानाची पुष्कळ मुलं-मुली आहेत, आणि आज ना उद्या कोणीतरी मराठीत हे करणारच. त्यांना माझं सांगणं सरळ आहे. आपल्या चित्रकारांकडून, आपल्यासमोर बसणाऱ्या मॉडेलांकडून लेखी संमती घेऊन, मोबदला देऊन साहित्य जमवा, मग ते ५८५ कोटी नसून पाच हजार असलं तरी चालेल. हयात माणसाचा चेहरा त्याच्या सहीशिवाय घेऊ नका, नटीचासुद्धा. मुलांच्या बाबतीत चर्चेलाही जागा ठेवू नका. जो चित्र काढतो त्याचं नाव समूहाच्या चालकांना ठाऊक असू द्या, लोकांना नसलं तरी. नियामकांमध्ये बायका असू द्या, आणि नियामकांना पगार द्या. आणि सगळ्यात आधी, पहिलं चित्र टाकण्याच्याही आधी, समूहात नसलेल्या बाईला तक्रार करता येईल असा एक पत्ता आणि ती तक्रार वाचणारा एक माणूस नेमा. एवढं करायची तयारी नसेल, तर कृपा करून त्याला कलेची चळवळ म्हणू नका.